जादा भरलेली पिशवी

भिकाजीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी खिशाकडे. एसटीत उभी हयात कंडक्टरकी केलेल्या माणसाची ती नजर होती. पाठीच्या मणक्यानं नोकरी सोडवली, तरी नजर सुटली नव्हती. दारात पाहुणा आला की 'या, बसा'च्या आधी त्यांच्या तोंडून 'कुठवर?' निघायचं. मग स्वतःच हसायचे. पण उत्तर मिळेपर्यंत नजर हलवायचे नाहीत.

खोपोलीला आमच्या दोन खोल्यांना लागून त्यांची दोन खोल्यांची जागा होती. काकी पहाटेच पनवेल रस्त्यावरच्या चौक गावाजवळ, त्यांच्या मूळ गावी शेतावर जायच्या आणि काका पाठीला पट्टा बांधून ओट्यावर. मी खालच्या बाजूच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते माझं होतं, कचेरीचं नव्हे. माझी बायको मालिनी लोधिवलीच्या बाजूला शाळेत शिकवायला होती. सकाळी ती एका एसटीनं, मी दुसऱ्या. आमची सुमी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिला सांभाळायला कोण, हा प्रश्न काकांनीच सोडवला.

"ठेवा हितंच," ते म्हणाले. "बसूनच असतो मी. पन्नास माणसं सांभाळली रोज, ही तर हाफ तिकीट पण नाय."

सुमी त्यांच्याकडे मोजायला शिकली. पण एक-दोन-तीन असं नव्हे. ओट्यावर भातुकलीची भांडी मांडून 'बसलेले किती, उभे किती' असं. एकदा घरमालक भाड्यासाठी आले, तर तिनं कमरेवर हात ठेवून त्यांना विचारलं, "तिकीट?" मालक चांगलेच रागावले. काका मात्र दिवसभर खुशीत होते.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणावा की व्यवसाय, मला कधी ठरवता आलं नाही. दुकानदाराच्या तराजूवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरच्या गोळ्यांवर नव्हता. आकाशवाणीच्या हवामानावर तर नव्हताच. दूधवाल्याला ते दूध घराच्या आत ओतू देत नसत.

"उजेडात ओत रं. आत नको."

"काका, सकाळी सकाळी कशाला? म्हैस हल्ली पाणी जास्ती पिते, त्याला मी काय करू?"

"मंग उद्या तिला पण घेऊन ये. चौकशी दोघांची करू."

बिनतिकिटाचा माणूस कसा ओळखायचा, हे ते सुमीला मांडीवर घेऊन गोष्टीसारखं सांगत. चढल्या चढल्या झोपतो तो एक. कंडक्टर जवळ आला की शेजारच्याशी घरगुती बोलणं काढतो तो दुसरा. आणि विचारण्याआधीच 'काढलंय, काढलंय' म्हणतो, त्याला तर खात्रीनं उतरवायचा. मी आत दाढी करता करता ऐकायचो आणि मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

आमच्या घरात दोन पगार यायचे आणि तरी विसाव्या दिवसाला उसनवारी सुरू व्हायची. दोघं नोकरीला जात असल्यामुळे कशालाच वेळ नसे. घाईत जे दिसेल ते, सांगतील त्या भावानं घ्यायचं. भाजी संध्याकाळची, उरलेली आणि महाग. रॉकेल संपलं की शेजारून. मालिनीला वाटायचं मी उधळतो, मला वाटायचं तिचा माहेरचा ओढा आहे. दोघंही उघड बोलत नव्हतो. जेवताना नुसते आवाज चढायचे. एक दिवस भिंतीपलीकडून काका ओरडले, "भाऊसाहेब, भांडू नका, गल्ला वाढत नाय त्यानं!" आणि पुढच्या पगाराला ते स्वतःच येऊन आमच्या जमिनीवर बसले.

"पगार म्हंजे गाडी," त्यांनी सुरुवात केली. "पनवेलला भरली, खोपोलीला रिकामी व्हायची. रिकामी व्हायला हरकत नाय, तिचं कामच ते. पण आदी चौक येतं, मंग खालापूर, मंग खोपोली. तुमची गाडी चौकातच रिकामी होते. का? कुणीबी हात केला की तुमी थांबता."

मालिनीला हे एकदम पटलं. तिनं वही काढली, तर काकांनी ती मिटवून ठेवली. "वहीत नंतर लिवतात. आमचं समद्याच्या समोर असतं." त्यांनी तिच्याकडून जुन्या परकराच्या कापडाची सहा खिशांची पिशवी शिवून घेतली. भाडं, दूध, किराणा, रॉकेल, दोघांचे एसटीचे पास आणि माझ्या आईला कर्जतला पाठवायचे पैसे. हे सहाजण बसलेले प्रवासी. बाकीचे उभे. सण, चप्पल, सिनेमा, लग्नाचा आहेर, सगळे उभे. जागा झाली तर बसतील, नाहीतर दांडीला धरून येतील. नव्या खर्चाला पिशवीत चढायचं असेल तर आधी कोणीतरी उतरलं पाहिजे.

मालिनीचा भाऊ त्या सुमारास नोकरी शोधायला म्हणून आला आणि राहिला. काका आठवडाभर त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, ह्ये मदल्या टप्प्यावर चढलेत. कुठं उतरायचं ते सांगत नायत." मालिनी रागावली नाही, हे विशेष. ती हसली आणि भावाला कारखान्याच्या फाटकावर रोज सकाळी उभं राहायला पाठवू लागली. महिन्याच्या आत तो कामाला लागला, आणि किराण्याच्या खिशात त्यानं आपला वाटा टाकला.

पिशवी आमच्या कपाटात असे आणि दिवसा किल्ली काकांकडे. दूधवाला, रॉकेलवाला, भाडं, सगळं त्यांच्या हातून. महिन्यातून दोन वेळा, म्हणजे 'चौकाला' आणि 'खालापुराला', ते आणि मी संध्याकाळी ओट्यावर बसून मोजायचो. मालिनी तेव्हा स्वयंपाकात असे. तपासणीला ते टोपी घालून बसायचे.

एकदा असेच बसलो असताना मी विचारलं, "काका, कमी पडले असते तर?"

"कमी पडलं तर सोपं असतंय. कंडक्टरनं खिशातनं भरायचं. वाईट कदी, म्हायत्ये? जादा भरलं तर."

मला ते नवीन होतं. ते सांगू लागले. बाजाराचा दिवस, गाडीला चिकटून माणसं. एका म्हातारीनं मोठी नोट दिली. सुटे नव्हते म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे तिच्या तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली, उतरताना घे म्हणाले. म्हातारी गर्दीत मागच्या दारानं उतरून गेली. पुढच्याच थांब्यावर तपासणीची माणसं चढली. पिशवीत तिकिटांपेक्षा पैसे जास्त. जास्त म्हणजे कोणाला तरी तिकीट न देता पैसे घेतले. चौकशी झाली. नियम तसाच होता आणि बरोबरच होता, असं ते स्वतःच म्हणत. नोकरी गेली नाही, पण त्यानंतर जोडीचे लोक त्यांच्या पिशवीकडे बघायचे, ते बघणं मणक्याच्या आधीपासून दुखत होतं.

"सुट्टीच्या दिशी वाड्यावाड्यांनी फिरलो तिला शोदत. नाय गावली." त्यांनी नाणी पिशवीच्या खिशात परत घातली. "जादाचा पैसा आपला नसतो, भाऊसाहेब. कुणीतरी उतरून गेलेलं असतं."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझं सुरू झालेलं होतं.

आता लिहायलाच पाहिजे. कचेरीत माझ्याकडे जमिनीच्या कागदांच्या नकला देण्याचं काम होतं. घाटाखालच्या जमिनींना तेव्हा भाव येऊ लागला होता आणि ज्याला त्याला नक्कल हवी होती. नक्कल देणं हे माझं कामच होतं. मी फक्त 'उद्या या' म्हणायचो. शहाण्या माणसाला कळायचं. आणि डोंगरावरच्या ठाकूर आदिवासींच्या वाडीतून चालत येणाऱ्या माणसाला तर दुसऱ्या फेरीतच कळायचं, कारण 'उद्या'मध्ये त्याची एक दिवसाची मजुरी जायची. असाच एकजण पळसाच्या पानात गुंडाळून नोटा घेऊन आला. त्याचं नाव मी अर्जावर वाचलं असणार. आज आठवत नाही.

मी ते पैसे कशावर उडवले नाहीत. हे मी बरीच वर्षं स्वतःच्या बाजूनं सांगत होतो. सुमीला थंडीत दमा व्हायचा, तिच्या औषधाला पिशवीत जागा नव्हती. म्हणून मी किराण्याच्या खिशातून औषध आणायचो आणि तो खिसा गुपचूप भरून काढायचो. मग रॉकेलचा. मग आईचा. महिना जुळू लागला. 'आपल्याला जमतंय हो,' असं मालिनी म्हणायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्यासाठी मी आणखी थोडे टाकायचो. पैशाची हाव असते तशी मला जुळलेल्या हिशेबाची हाव सुटली होती.

जुळतंय याचा आनंद सगळ्यांना झाला. संशय एकट्या काकांना आला.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा मोजलं. टोपी काढून ठेवली आणि पुन्हा मोजलं.

"दहा जादा हायत."

"असतील. मालिनीनं टाकले असतील. शिकवणी घेते ती हल्ली."

त्यांनी त्यातली एक नोट वेगळी काढली. उजेडात धरली नाही, नाकाशी नेली.

"बाईंच्या शिकवणीला वाडीवरची पोरं येतात व्हय?"

"म्हणजे?"

"पगाराची नोट कोरी असते, भाऊसाहेब. ही धुरात ऱ्हायलेली हाय. छपरात खोचून ठेवतात ते लोक. इतकी वर्षं घेतल्यात त्येंच्याकडनं, वास कळतो."

मी म्हणालो, "बाजारात फिरते हो नोट, कुठूनही येते." आणि लगेच विचारलं, "काकींचा भात झाला का झोडून?" विचारल्यावर माझ्या लक्षात आलं, बिनतिकिटाच्या माणसासारखं मी घरगुती बोलणं काढलं होतं. त्यांच्याही आलं असावं. ते "झाला" एवढंच म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

त्या रात्रीपासून मी त्यांच्यावर पाळत ठेवू लागलो. मालिनीशी ते ओट्यावर बोलताना दिसले की मी काहीतरी निमित्त काढून मध्ये जायचो. सुमीला काही विचारतात का, यावर कान ठेवायचो. ते मला 'आलात का?' म्हणाले तरी त्यात काहीतरी आहे असं वाटायचं. खरं तर ते पूर्वीसारखेच होते. दूधवाल्याला उजेडात बोलावत होते, सुमीच्या वेण्या घालत होते. पण त्यांनी एका वाक्यात मालिनीला सांगितलं असतं, तर माझं घर राहिलं नसतं. मालिनी तशी होती. शाळेचा खडू तिच्या पर्समधून काढून सुमीला खेळायला दिला म्हणून तिनं एकदा मला झापलं होतं. ती सुमीला घेऊन निघून गेली असती.

म्हणून मी आधी बोललो.

"तुला सांगणार नव्हतो," मी तिला म्हणालो, "पण पिशवीत मागे दोनतीनदा कमी भरले. मीच माझ्या चहाच्या पैशांतून भरून टाकले. किल्ली काकांकडे असते ना दिवसभर."

"काय बोलताय तुम्ही? काका?"

"मी कुठं काय म्हणतोय? पण एसटीतसुद्धा पैशांवरूनच चौकशी झाली होती त्यांची. त्यांनीच सांगितलं."

एवढंच बोललो. जे त्यांनी विश्वासानं सांगितलं होतं, तेच वापरलं. आणि बेत असा होता की त्यांनी पुढेमागे जादा पैशांची गोष्ट काढलीच, तर तिला वाटावं, बरोबर, हे भरत होतेच की. मालिनीनं आधी मला उडवून लावलं. मग ती आठवू लागली. अमुक दिवशी रॉकेल कमी नव्हतं का आलं? तमुक दिवशी ते कपाटापाशी का उभे होते? संशयाला फार काही लागत नाही, दोन दिवसांत तिनं स्वतःच चारपाच गोष्टी जमवल्या. त्यातली एकही मी सांगितलेली नव्हती.

रविवारी सकाळी ती त्यांच्या दारात गेली. "काका, सुमीला आता शाळेत माझ्याबरोबरच नेणार आहे. किल्ली राहू द्या आमच्याकडेच."

काकांनी विचारलं नाही का म्हणून. ते उठले, टोपी घातली आणि आमच्या घरात आले. "द्यायची तर मोजून द्यायची, बाई. आमच्यात तशीच रीत हाय. किती असायला पायजेत ते तुमी बोला."

मालिनीनं आकडा सांगितला. ते जमिनीवर बसून एकेक खिसा उलटा करू लागले. मोठ्यानं मोजत होते. मी दाराशी उभा होतो. मला माहीत होतं की आदल्या दिवशीच मी आईच्या खिशात दहाची एक नोट टाकली आहे. तो खिसा शेवटचा होता. त्यांनी त्यात हात घातला, नाणी काढली, पाचाच्या नोटा काढल्या. मग बोटं आत थोडी थांबली. मला दिसलं, त्यांनी ती नोट खिशाच्या शिवणीकडे सारली आणि हात बाहेर काढला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जुळलं."

जन्मात कधी जादा पैसा न लपवलेला माणूस माझ्या घरात, माझ्यासाठी खोटं बोलला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सुमी गळ्यात पडायला आली, तिच्या गालाला हात लावून ते गेले. का गप्प बसले, हे मला नीट सांगता येत नाही. सुमीसाठी असेल. ती नोट मी संध्याकाळी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रॉकेलवाल्याला दिली. त्यानंतर कचेरीत मी कोणाला 'उद्या या' म्हणालो नाही. सुधारलो म्हणून नव्हे, भ्यालो म्हणून. महिना पुन्हा विसाव्या दिवशी संपू लागला. मालिनी म्हणायची, काकांनी बरंच नेलं असणार, अजून भरून निघत नाही.

वर्षभरात काका-काकी गावी राहायला गेले. आमची बदली झाली, परत आलो. सुमी कॉलेजात गेली.

मालिनीच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न चौकाजवळ होतं. तिथं जवळजवळ पंधरा वर्षांनी काका दिसले. मांडवाच्या तोंडाशी टेबल मांडून ते आहेर लिहायला बसले होते. केस पार पांढरे, पट्टा सदऱ्याच्या वरूनच बांधलेला. समोर पितळी डबा. गावानं ते काम त्यांना दिलं होतं आणि ते नोट घेताना तितकेच संशयी होते. एका पोरट्याला म्हणत होते, "पाकीट रिकामं नाय ना रं? मागल्या लग्नाला तुज्या बापाचं रिकामं निगालं!" रांगेतली माणसं हसत होती.

मालिनी हसली नाही. तिनं हातातली पर्स काखेत घट्ट धरली. मुलीची आई समोरून येत होती, आम्हाला बघून लगबगीनं.

"ह्यांना कोणी बसवलं पैशाला?" मालिनी मला म्हणाली. "सांगायला पाहिजे हिला. बिचारीला माहीत नसणार."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? आपलं गेलं ते गेलं. हिच्या मुलीचा आहेर आहे तो."

ती खरंच सांगणार होती. चांगुलपणानंच. आणि गावात ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. मुलीची आई चार पावलांवर आली. मी मालिनीचा दंड धरला.

"त्यांनी घेतलं नव्हतं. कधीच कमी भरलं नव्हतं. मी खोटं सांगितलं तुला. मी कचेरीत पैसे खात होतो आणि ते त्यांना कळलं होतं."

इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. मुलीची आई येऊन पोचली, "बाई, किती उशीर!" म्हणाली. मालिनी तिच्याशी दोन शब्द बोलली, काय ते मला ऐकू आलं नाही. मग माझ्या हातातून दंड सोडवून ती सरळ रांगेत जाऊन उभी राहिली.

तिची पाळी आली. काकांनी वर पाहिलं. ते उठायला लागले, तिनं खांद्याला हात लावून बसवलं.

"बाई! पोरगी कशी हाय?"

तिनं नुसती मान हलवली. पैसे पुढे केले.

"भाऊसाहेबांचं नाव लिवू ना?"

"नाही," मालिनी म्हणाली. मांडवातल्या गलक्यातही मला स्पष्ट ऐकू आलं. "माझं लिहा. नुसतं मालिनी. त्यांचा आहेर ते वेगळा करतील."

काकांचा हात थांबला. त्यांनी मांडवभर नजर फिरवली आणि मी त्यांना सापडलो. मग खाली मान घालून त्यांनी नाव लिहिलं.

मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यापर्यंत रांग येईतो पंगत बसली, आणि कोणीतरी काकांना हाताला धरून जेवायला नेलं. टेबलावर दुसराच माणूस येऊन बसला. पंगतीत काका मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसले होते. मालिनीनं वाढप्याच्या हातातलं बुंदीचं ताट घेतलं आणि ती त्यांच्या पानापाशी वाकली. ते दोन्ही हात पानावर आडवे धरून "पुरे, बाई, पुरे" म्हणत होते, आणि ती त्यांच्या हातांवरच वाढत होती.

"नाव काय?" टेबलावरच्या माणसानं मला विचारलं. त्याला दोनदा विचारावं लागलं.